नळीमागच्या रेषा

आधी एक सांगून टाकते, म्हणजे मला गर्विष्ठ म्हणायचं असेल तर तुमची सोय होईल. तेहेतीस वर्षं मी रक्ताच्या नळ्या हाताळल्या आणि एकदाही माझ्या हातून नळीची अदलाबदल झाली नाही. लेबल आधी, सुई नंतर, हा माझा नियम. नाव, वय, गाव, तारीख, सगळं वळणदार अक्षरात. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरापोरींनी माझी बोलणी खाल्ली ती बहुतेक लेबलवरूनच. "मॅडम, डॉक्टरांचं अक्षर कुणाला लागत नाही, त्यांना कुणी बोलत नाही," असं एकजण मला म्हणाला होता. त्याला म्हटलं, "तू डॉक्टर हो, मग खुशाल कोंबडीचे पाय काढ. तोवर नीट लिही."

मी मूळची नांदगावची. वडील रेल्वेत होते, नोकरी माझी सगळी नाशकात झाली. शेवटची बारा-तेरा वर्षं सिकलसेलच्या तपासणीत गेली. म्हणजे महिन्यातले आठ-दहा दिवस सुरगाणा, पेठ, कळवण. जीपमध्ये थंडपेटी, नळ्या, कापूस आणि मी. पाड्यांवर माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. "रगतवाल्या बाई आल्या" एवढी बातमी पुढे जायची आणि निम्मी माणसं रानात पळायची. एका आजीनं मला विचारलं होतं, "एवढं रगत नेऊन पाजता कुणाला?" मी गमतीनं म्हटलं, "साहेबाला." पुढच्या खेपेला साहेब स्वतः आले तेव्हा आजींनी दाराला आतून कडी घातली. ती चूक माझी, मान्य आहे.

शहरातले नमुनेही कमी नव्हते. एक गृहस्थ सुनेला तपासणीसाठी घेऊन आले. डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांचं रक्त सांगितलं होतं, मुलाला मात्र त्यांनी घरीच ठेवलं होतं. का, तर "आमच्या घराण्याचं रक्त शुद्ध आहे हो." मी म्हटलं, "मग घाबरता कशाला, एक नळी द्या की." इतकी वर्षं मी रक्त पाहिलं. कुणाचं वरचं आणि कुणाचं खालचं असं त्या नळीत मला कधी दिसलं नाही. आमच्या घरी हे वडिलांनी पुस्तक न उघडता शिकवलं होतं, मी ते नळीत बघून खात्री करून घेतली, इतकंच.

आता कामाचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं. त्यात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा घट्ट गुंडाळलेला, लांबच लांब धागा. त्या धाग्यावर चारच अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. धाग्याचा एखादा तुकडा म्हणजे एक जनुक, आणि एका जनुकात बहुधा एखादं प्रथिन कसं करायचं त्याची कृती. रक्ताला लाल रंग देणारं, प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन असंच एका कृतीबरहुकूम तयार होतं. त्या कृतीतलं एक अक्षर बदललं की प्रथिनाच्या साखळीतला सहावा दुवा बदलतो आणि सिकलसेलचं हिमोग्लोबिन तयार होतं. अब्जावधी अक्षरांतलं एक. प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटतं, गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लेकरू हाडं धरून ओरडतं. एका अक्षरानं एवढं होतं, आणि बाकीची सगळी अक्षरं पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ जशीच्या तशी उतरवली जातात. मला दोन्हीचं नवल वाटत आलंय, पण दुसऱ्याचं जास्त. मी लेबल लिहिणारी बाई आहे, मला नक्कल करण्यातली मेहनत कळते.

जनुकं जोडीनं असतात म्हणून आमची कार्डं तीन रंगांची. दोन्ही जनुकं चांगली, तर पांढरं कार्ड. एक चांगलं आणि एक सिकलचं, तर पिवळं. पिवळ्या कार्डवाला आजारी नसतो, तो वाहक असतो. खातो, पितो, डोंगर चढतो. उलट लहानपणी हिवतापाचा जबर तडाखा त्याला इतरांपेक्षा कमी बसतो. म्हणून तर हिवतापाच्या मुलखात हे जनुक टिकून राहिलं. दोन्ही सिकलची असली तर लाल कार्ड. तो रुग्ण, त्याला औषधं, भरपूर पाणी, जपणूक. आणि लाल कार्डाच्या मुलाला एक सिकलचं जनुक आईकडून आणि एक बापाकडून आलेलं असतं.

हे मुलांना सांगायला मी चवळी वापरायची. लाल चवळी आणि पांढरी चवळी, एकाच मापाची, म्हणजे डोळे मिटून हात घातला तर बोटांना फरक कळत नाही. शाळेत एक मुलगा बाप व्हायचा, एक मुलगी आई. दोघांच्या मुठीत एक पांढरा, एक लाल दाणा. तिसऱ्यानं डोळे मिटून प्रत्येक मुठीतून एक-एक उचलायचा. दोन पांढरे आले, पांढरं कार्ड. एकेक आला, पिवळं. दोन्ही लाल आले, लाल कार्ड. मग मी फळ्यावर चार घरांची चौकट काढून दाखवायची. चारातलं एक घर पांढरं, दोन पिवळी, एक लाल. दर मुलाच्या वेळी दाणे परत मुठीत, उचलणं परत नव्यानं. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं होतं. पण तोवर तास संपलेला असायचा, शिपाई घंटेपाशी गेलेला असायचा, आणि मी ते पिशवी भरता भरता सांगायची.

सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत मनीषा नावाची मुलगी मला अशीच भेटली. नववीत होती. तिनं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, पुस्तकात लिहिलंय, लाल पेशीत केंद्रकच नसतं. मग कृती कुठं लिहिलेली असते?" तोवर हा प्रश्न मला एका पाहुण्या डॉक्टरनंसुद्धा विचारला नव्हता. मी तिला सांगितलं, पेशी हाडांच्या मगजात तयार होते तेव्हा केंद्रक असतं, कृती वाचून हिमोग्लोबिन भरून घेतलं की ती केंद्रक टाकून देते आणि प्रवासाला निघते. मनीषा म्हणाली, "म्हणजे ओझं कमी करते." मी तिला माझ्याजवळची चवळी देऊन टाकली. पुढे ती बारावी सायन्सला नाशकात वसतिगृहात राहायला आली आणि अधूनमधून माझ्याकडे यायला लागली. पोरगी हुशार, तोंडानं फटकळ. माझं तिचं जमलं यात आश्चर्य नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली ती प्रयोगशाळेच्या दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले.

"मॅडम, तुमची चौकट चुकू शकते का?"

"आत ये आधी. काय झालं?"

झालं होतं ते असं. मनीषाच्या घरी तिचे वडील देवराम, धाकटे काका काशिनाथ, हिराकाकी, म्हातारी आजी आणि काकांची चार वर्षांची रोशनी. रोशनीचं कार्ड लाल. ती मला माहीत होती. दोन वर्षांची असताना हातपाय सुजून नाशकात दाखल झाली होती आणि पक्की तपासणी आमच्याकडेच झाली होती. हिराचं पिवळं. सुट्टीत मनीषानं आनुवंशिकतेचा धडा उघडला, रेशनकार्डाच्या पिशवीतली घरातली सगळी कार्डं काढली आणि सगळ्यांना समोर बसवून चौकट काढायला घेतली. आईच्या घरात एक पांढरा, एक लाल. काशिनाथकाकाचं कार्ड पांढरं, म्हणजे त्याचे दोन्ही पांढरे. चारही घरं भरून झाली आणि लाल घर काही येईना. पोर सरळ बोलून गेली, "असं होऊच शकत नाही. काकाचं कार्ड पांढरं असेल तर रोशनी लाल होऊच शकत नाही."

आजीनं विचारलं, "मग कुणाची हाय ती?"

तेवढ्यावर सगळं फिसकटलं. काशिनाथ बायकोशी बोलायचा बंद झाला. आजीनं सांगून टाकलं, नागलीचं पीक घरात आलं की हिरानं पोरीला घेऊन भावाकडं जावं. हिराचा भाऊ तिकडे आत, गुजरातच्या हद्दीला. तिथून औषधाच्या केंद्रावर यायला दिवस जातो. म्हणजे बाईचं घर तर जाणारच होतं, पोरीच्या गोळ्याही तुटणार होत्या. सिकलसेलच्या लेकराच्या गोळ्या तुटणं म्हणजे काय ते मी वॉर्डात पाहिलेलं आहे.

"मी कशाला बोलले," मनीषा रडत होती. "काकीनंच मला आश्रमशाळेत घातलं होतं. बाबा नको म्हणत होते."

तिला मी पाणी दिलं आणि म्हटलं, "चौकट चुकत नाही, बाळ. चौकटीत आपण काय भरतो ते चुकतं. घरी फोन करून सांग, बाईंनी थांबायला सांगितलंय, आठ दिवस कुणी कुठं जायचं नाही."

एवढं ठणकावून बोलले खरी, पण ती गेल्यावर माझं काय चुकलं ते मोजत बसले. आमच्या धंद्यात एक न लिहिलेली शिस्त आहे. आईबाप आणि मूल यांचं गणित जुळलं नाही तर कुणाकडे बघायचं नाही, काही बोलायचं नाही, नमुना परत घ्यायचा. बाप कोण हे शोधणं आमचं काम नाही. ही शिस्त मी मुलांना चवळीसोबत शिकवली नव्हती. धडा दिला, त्याची धार सांगितली नाही. त्याचं खापर बारावीतल्या पोरीच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नव्हता.

मी जुनं रजिस्टर काढलं. काशिनाथचा नमुना शिबिरातला. पाड्यावर जाऊन आम्ही म्हातारी सोडून घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं होतं, त्या वेळी हिरा रोशनीजवळ नाशकात वॉर्डात होती. पाड्यावर आम्ही साधी तपासणी करतो. छोट्या नळीत एक द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, पाच मिनिटं थांबायचं, मग नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरायचा. रेषा स्वच्छ दिसल्या तर सिकलचं हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या तर आहे. मग वाहक की रुग्ण हे नाशकातल्या मशीनवर ठरतं. काशिनाथच्या नळीतून रेषा दिसल्या होत्या. मशीनवर जायची वेळच आली नव्हती, सरळ पांढरं कार्ड.

द्रावण शिळं झालं, थंडपेटीत नीट राहिलं नाही, तर ते खोटं बोलतं. शिळं द्रावण वापरणं म्हणजे माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, पण तिच्याकडे काही मागायची आमची रीत नाही. त्या संध्याकाळी मी मागितलं. चूक माझी निघू दे. नोकरीच्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला असं वाटलं.

निघाली नाही. त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या द्रावणानं पाड्यावरचे सात वाहक पकडले होते आणि ते सातही नंतर मशीनवर पक्के ठरले होते. लेबल माझ्या अक्षरात, खाडाखोड नाही. डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, बापाकडून थॅलेसेमियाचं जनुक आलं असेल तरी मूल असंच दिसू शकतं आणि तो दोष तुमच्या नळीत दिसत नाही. शक्यता कमी, पण आहे. तेवढा धागा धरून मी किट भरलं, साहेबांची परवानगी घेतली आणि शनिवारी सकाळी मनीषाला घेऊन निघाले.

दिंडोरी गेलं, वणीला एसटीतून उतरून आम्ही जीप पकडली. मनीषा खिडकीतून बाहेर बघत होती. मी वरवर तिला धीर देत होते आणि आत माझं मन दुसरंच बोलत होतं. सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला वाटत होतं, बाई, रजिस्टर बरोबर, द्रावण बरोबर, लेबल बरोबर. मग काय उरतं?

अंगणात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आजी ओट्यावर, देवराम दाराला टेकून उभा, काशिनाथ पाठ करून टोपलीसाठी बांबूची कामटी सोलत बसलेला. रोशनी आईच्या मांडीवर. कुणी या म्हणालं नाही.

"परत कशाला रगत?" काशिनाथ मागं न बघता म्हणाला. "एकदा दिलं ना. कार्ड हाय."

"कार्ड चुकलेलं असू शकतं," मी म्हटलं.

"सरकारी कार्ड हाय ते," आजी म्हणाली. "चुकल कसं?"

इतकी वर्षं मी लोकांना हेच पटवत आले होते, की कार्डावर विश्वास ठेवा. आता तेच माझ्या अंगावर आलं. मी काही बोलणार तोच हिरा उठली. पोरीला मनीषाच्या कडेवर दिलं, नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "द्या हात. लय दिस तुम्ही बोलत नाय, नका बोलू. पण रगत द्या. माझ्यासमोर द्या. तेवढं काढल्याबिगर मी या घरातनं हालणार नाय."

तपासणीला घाबरणारी माणसं मी हजारांनी पाहिली. तपासणी मागणारी ही एकटी. त्या क्षणी मला जीपमधल्या माझ्या विचारांचा राग आला. ज्या बाईच्या पोटात पाप आहे ती भर अंगणात सुई मागत नाही, एवढं कळायला मला प्रयोगशाळा कशाला लागावी.

काशिनाथनं कामटी खाली ठेवली आणि बाही वर केली. मी सवयीनं लेबल लिहिलं, पट्टा बांधला. शीर शोधता शोधता, माणूस ताठ होऊ नये म्हणून आम्ही काहीतरी बोलत राहतो. तसंच मी विचारलं, "मागच्या वेळी कुठल्या हातातून घेतलं होतं?"

"मागच्या टायमाला मी कुठं होतो," काशिनाथ म्हणाला. "मी दिंडोरीला द्राक्षाच्या थिनिंगला होतो, घड विरळ करायला. दादानं दिलं ना."

मी पट्टा सोडला. "काय म्हणालास?"

देवराम दारातूनच म्हणाला, अगदी सहज, "मीच दिलं, बाई. आधी माझ्या नावाचं दिलं, मग याच्या नावाचं. तुम्हीच घेतलं की. याचं नाव राहून जाईल, औषध मिळायचं नाय, म्हणून दिलं."

"तुझं रक्त, याच्या नावानं?"

"मंग? भावाभावाचं रगत येकच ना, बाई? येका आईबापाचं."

आजीनं मान डोलावली. शेजारच्या ओट्यावरून बघत असलेल्या दोन माणसांनी डोलावली. पुढे कळलं की या पाड्यावर ही रीतच आहे. द्राक्षाच्या टोळीत दोन भावांचं एक नाव असतं. ज्याला सवड तो जातो, हजेरी नावाची लागते, खाडा पडत नाही. शिबिरातसुद्धा त्यांनी तेच केलं. फसवायचं कुणाच्या मनात नव्हतं. उलट भावाचं नाव चुकू नये म्हणून या माणसानं एकाच दिवशी दोनदा सुई टोचून घेतली होती. आणि महिनाभर घरात वणवा पेटलेला असताना ही गोष्ट दोघांपैकी कुणालाही बोलावीशी वाटली नाही, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

मला एकदम तो शिबिराचा दिवस आठवला. रांग, गर्दी, माझी मान खाली. "नाव?" "काशिनाथ." मी सुंदर अक्षरात काशिनाथ लिहिलं होतं. त्यानं डावा हात पुढे केला होता. उजव्या हाताच्या कोपरात माझाच कापूस धरलेला असणार. मी वर बघितलंच नव्हतं. लेबल बिनचूक होतं, माणूस दुसरा होता.

"चवळी आहे का घरात?" मी विचारलं.

मनीषानं पटकन आतून आणली. मी आजीच्या समोर बसले. "आजी, ही तुमची मूठ. यात एक पांढरा, एक लाल समजा. तुमच्या मालकांच्या मुठीत दोन्ही पांढरे समजा. ते आता नाहीत, तेव्हा खरं काय होतं ते सांगता येणार नाही. मनीषा, डोळे मीट. तुझ्या बाबांसाठी उचल."

तिनं उचलले. पांढरा, पांढरा.

"आता दाणे परत मुठीत. काकांसाठी उचल."

पहिल्यांदा परत पांढरे आले. देवरामला वाटलं, झालं, आपलंच खरं. मी म्हटलं, "अजून उचल." दुसऱ्या वेळी आजीच्या मुठीतून लाल आला. आजी तो तळहातावर घेऊन बघत राहिली. "दोघं तुमच्याच पोटचे, आजी. पण पोरागणिक उचलणं वेगळं. देवराम एक घेऊन आला, काशिनाथ दुसरा घेऊन आला. दोघांना सारखाच द्यायचा असं ठरवायला तुम्ही तिथं नव्हता." जे वाक्य मी वर्षानुवर्षं घंटेच्या आवाजात उरकलं, ते त्या दिवशी अंगणात नीट पुरं सांगितलं.

मग मी दोघा भावांचं रक्त घेतलं. नवी लेबलं लिहिताना या वेळी दोघांच्या तोंडाकडे बघितलं. दोन नळ्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि पाच मिनिटं थांबलो. रोशनीला काही कळत नव्हतं, ती चवळीचे दाणे ओळीत मांडत होती. काशिनाथ मात्र पहिल्यांदा हिराकडे बघत होता. हिरा नळ्यांकडे बघत होती.

पाच मिनिटांनी मी रेषांचा कागद नळ्यांमागे धरला. ही तपासणी मला फार आवडते, तिचं कारण हेच. अक्षर न येणाऱ्यालाही ती वाचता येते. मी कागद आजीसमोर नेला. "बघा आजी. देवरामच्या नळीतून रेषा दिसतात?"

"दिसत्यात."

"काशिनाथच्या?"

आजी पुढे वाकली. डोळे बारीक केले, पदरानं पुसले, परत वाकली. "नाय दिसत. कुठं गेल्या?"

"झाकल्या. सिकल आहे याच्यात. रोशनीला आलेला दुसरा लाल दाणा याचाच आहे."

पक्की तपासणी मशीनवर नंतर झाली आणि काशिनाथ वाहक ठरला. पण अंगणात त्या क्षणी कुणाला मशीन लागलं नाही. खरं तर ती बातमी चांगली नव्हती. गड्याच्या रक्तात दोष आहे असं मी सांगत होते आणि मला आनंद आवरत नव्हता. काशिनाथ उठला, हिरापाशी गेला. तो रोशनीशेजारी खाली बसला आणि तिच्या ओळीत दाणे लावायला लागला. देवराम भिंतीकडे तोंड करून रडत होता. मनीषानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आजीनं विचारलं, "मंग याला कुणी दिलं?"

"तुम्ही, नाहीतर त्याच्या बापानं."

तिनं बांगड्या मागं सारल्या आणि हात माझ्यापुढे केला. "बघ." सुनेच्या समोर, शेजाऱ्यांच्या समोर, त्या वयाच्या बाईनं. मी पाहिलं. तिच्याही नळीतल्या रेषा गेल्या. आजीनं हिराकडे बघून फक्त एवढंच म्हटलं, "माझ्यापासनं हाय गं ते." हिरानं उठून तिच्या कोपरातला कापूस नीट दाबून धरला. मी माणसांविषयी फार चांगलं बोलत नाही असं माझ्या घरच्यांचं मत आहे. त्या दोघींविषयी मी आजही बोलते.

त्या पाड्यावर आम्ही सगळं शिबिर परत केलं. आणखी चार जणांनी भावाच्या, एकीनं नणंदेच्या नावानं रक्त दिलेलं निघालं. सगळ्यांनी चांगल्या मनानं. रोशनी आता शाळेत जाते, गळ्यात पाण्याची बाटली कायम. गोळ्या चुकवत नाही, मधूनच दुखणं येतं, तेव्हा दोन दिवस नाशकात. मनीषानं लॅबचा कोर्स केला आणि आता माझ्याच जुन्या टेबलावर बसते. तिचं अक्षर अजून भयंकर आहे.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. हिरा मला जीपपर्यंत सोडायला आली होती. किट तिनंच डोक्यावर घेतलं होतं. वाटेत तिनं विचारलं, "बाई, खरं सांगा. येताना तुम्हाला काय वाटत व्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. "अर्धं असं, अर्धं तसं," मी म्हटलं.

"मला अर्धं नव्हतं," ती म्हणाली. "मला पुरतं ठाऊक व्हतं. पण माझं कोण ऐकतंय, नळीचंच ऐकत्यात." मी जीपमध्ये चढले, तिनं किट माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "पुढच्या टायमाला नाव लिवायच्या आधी माणसाच्या तोंडाकडं बघत जा."

माझ्या कामात कुणी मला शिकवलेलं मी आयुष्यात ऐकून घेतलं नाही. साहेबांचंही नाही. तिला मात्र मी "बरं" म्हटलं.